मोहाच्या स्पिरिटवरची मोटार

हे लढाईवरून परत आले त्या दिवशी मी परसात गोवऱ्या थापत होते. हे म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, इथंही घेणार नाही. परळीच्या स्टेशनावर उतरून ते धारूरपर्यंत थोडं बैलगाडीनं आणि थोडं पायी आले होते. अंगात खाकी शर्ट, खांद्यावर घोंगडी, हातात पत्र्याची पेटी. मी हात धुतले आणि त्यांना पाणी दिलं. ते पाणी प्याले. सासूबाई आतून रडत आल्या, त्यांच्या गळ्यात पडल्या. आम्ही दोघं रडलो नाही.

तीन वर्षं ते समुद्रापलीकडं बसऱ्याला पलटणीच्या लॉऱ्या हाकत होते. शेवटी लॉरीजवळ काहीतरी फुटलं, महिनाभर दवाखान्यात ठेवलं आणि घरी पाठवलं. एवढंच आम्हाला कळलं. मधल्या काळात आमची मुलगी गेली होती. हे गेले तेव्हा ती दोन महिन्यांची होती, आणि तापानं गेली तेव्हा दीड वर्षाची. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. अक्षर मी पन्नाशीनंतर शिकले. शाळेच्या मास्तरांकडून मी ती गेल्याचं पत्र लिहून घेतलं होतं, आणि त्याचं उत्तरही आलं होतं. 'पत्र पोचले. प्रकृतीस जपावे.' पुढं आईला नमस्कार, बैलाची चौकशी.

घरी आल्यावर त्यांनी त्यातलं काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. शेजारणी म्हणायच्या, बाई, मन मोकळं कर. मोकळं करायला आत काही आहे असं मला वाटत नव्हतं. दिवस उगवायचा, मी पाणी भरायची, भाकरी करायची. तव्यावर बोट पोळलं तर ते थोड्या वेळानं ध्यानात यायचं. हे ओट्यावर बसून राहायचे. कोणी हाक मारली तर कधी मान वळवायचे, कधी नाही. लोकांना वाटलं, लढाईहून आलेला माणूस, तऱ्हेवाईक झाला असेल. मलाही तसंच वाटलं.

महिन्याभरानं गावच्या एका मोठ्या जमीनदारानं त्यांना मोटारीवर ठेवून घेतलं. या जमीनदारांना सगळे मालकच म्हणायचे. ते बीडला कोर्टात जायचे, पुढारीपण करायचे, गावोगाव पाव्हणेरावळे होते. ही मोटार त्यांनी हैदराबादच्या एका साहेबाकडून घेतली होती. त्या साहेबाला जोरात मोटार पळवायचा नाद होता. त्यानं इंजिनाच्या वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते तासून पातळ करून घेतलं होतं. त्यामुळं आत जागा कमी उरायची आणि हवा-पेट्रोल फार दाबलं जायचं. सपाटीवर त्या मोटारीला कोणी गाठत नसे. पण लढाईत पेट्रोल परवान्यावर आलं, आणि जे मिळायचं ते हलकं. असलं पेट्रोल तेवढा दाब सोसत नाही. ते आत एकदम भडकतं आणि बारीक खडखड आवाज येतो. हे त्याला नॉकिंग म्हणायचे. तसंच दामटत राहिलं तर पिस्टन फुटतो.

पहिल्याच महिन्यात मालकांना घेऊन हे बीडहून परत येत होते. धारूरचा घाट चढताना इंजिन ठोकायला लागलं. मागून मालक ओरडले, अरे थांब, काय वाजतंय बघ. हे तसेच हाकत राहिले. अर्ध्या घाटात वाफेचा लोट निघाला आणि मोटार बंद पडली. मालक खूप बोलले. हे मान खाली घालून उभे राहिले. मालकांना तो हट्टीपणा वाटला.

त्या दिवशी घरी आल्यावर ते चुलीजवळ बसले. सासूबाई देवळात गेल्या होत्या. ते म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"डावा कान बंदच हाय. उजव्यातून जाड आवाज येतो. बारीक येत न्हाई. कुणाला सांगू नको."

मी बरं म्हटलं. मग ध्यानात आलं की ते त्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मान हलवली. पुढं आम्ही जेवलो.

पेट्रोल आणखी कमी झालं तेव्हा निजाम सरकारनं मोहाच्या फुलांपासून स्पिरिट काढून ते पेट्रोलात मिसळायला सुरुवात केली होती. मालकांनी तहसीलीत दरख्वास्त दिली आणि परळीच्या स्टेशनावर त्यांचं पिंप उतरलं. बैलगाडीतून ते गावात आलं तेव्हा चावडीवरची माणसं हसली. मालकाची मोटार आता दारू पिणार, म्हणाली. मालकही धास्तावले होते. चांगल्या इंजिनाचं वाटोळं होईल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ह्यांनी मात्र पिंपाचं बूच काढून वास घेतला, दोन बोटांवर थेंब घेऊन तो उडून जाताना पाहिला आणि म्हणाले की या इंजिनाला हेच पाहिजे. स्पिरिट दाब सोसतं, ते अवेळी भडकत नाही. पण पेट्रोलापेक्षा ते जास्त पाजावं लागतं, आणि त्यासाठी काही गोष्टी बदलाव्या लागतील. बसऱ्याला एका उस्तादाकडून त्यांनी हे ऐकलं होतं. मालकांनी पंधरा दिवसांची इजाजत दिली.

मोटार आमच्या घराच्या पलीकडं मालकांच्या जुन्या गोठ्यात उभी असायची. मी शेण काढायला, पाणी द्यायला जायची. म्हणून काय काय झालं ते मी पाहिलं.

आधी नुसतं स्पिरिटचं मिश्रण टाकीत भरलं. इंजिन सुरू झालं, खोकल्यासारखं करत दोन मिनिटं चाललं आणि बंद पडलं. ह्यांनी ठिणगी पाडणारे प्लग काढून बघितले. तोंडं पांढरीफटक पडली होती. म्हणजे हवा जास्त आणि तेल, म्हणजे ते मिश्रण, कमी. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा एवढासा तुकडा असतो, त्याच्या भोकातून तेल वर येतं. ते भोक मोठं करायला पाहिजे होतं, पण तेवढं बारीक सामान कुठून आणणार. ते सोनाराकडं गेले. सोनारानं मण्याला भोक पाडायची सुई दिली आणि स्वतः बघायला आला. दोघांनी मिळून जेट केसभर वाढवला. मोटार चालवली, प्लग बघितले, परत पांढरे. आणखी केसभर. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी प्लगची तोंडं विटकरी रंगाची झाली, आणि ह्यांनी सोनाराला त्याची सुई परत दिली.

मग दुसरंच निघालं. कार्बोरेटरातून तेल गळून खाली सांडायला लागलं. आत बुचाच्या लाकडाचा एक तरंगणारा गोळा होता. तेल भरलं की तो वर येऊन वाट बंद करतो. त्या बुचाला लाखेचा हात दिलेला असतो, आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. बूच भिजून फुगलं आणि बुडालं. ह्यांनी ते मला हातावर ठेवून दाखवलं. चिकट झालं होतं. तांबटाकडून त्यांनी पातळ पितळेची पोकळ डबी, सांधे डाक देऊन म्हणजे झाळून, करून घेतली. ती कुठं गळते का ते बघायला मी पातेल्यात पाणी तापवलं. गरम पाण्यात बुडवली की आतली हवा फुगते आणि फट असेल तिथून बुडबुडे येतात. एका सांध्यातून बुडबुडे आले. ती तांबटाकडं परत गेली. दुसऱ्यांदा आले नाहीत.

टाकीतला जुना गंज आणि चिकटाही स्पिरिटनं सुटून नळीत अडकला. टाकी उतरवून धुतली. पुढं तेल गाळूनच भरायचं ठरलं. ते गाळायचं काम माझ्याकडं आलं. मी मलमलीच्या चार पदरांतून एकेक तांब्या गाळायची. स्पिरिट उडून जाताना हात गार पडतात. थोड्या वेळानं बोटं आपली वाटत नाहीत. मी तासन्‌तास ते काम केलं. मला ते जड गेलं नाही.

राहिलं होतं ते ठिणगीचं. स्टिअरिंगवर एक छोटा दांडा होता. तो पुढं केला की ठिणगी लौकर पडायची, मागं घेतला की उशिरा. हलक्या पेट्रोलामुळं तो सगळा मागं घेतलेला असायचा, म्हणून चढाला जोर नसायचा. स्पिरिटवर तो पुढं आणता येणार होता. किती, ते फक्त घाटात कळणार होतं. भरलेली मोटार चढाला असताना दांडा हळूहळू पुढं न्यायचा, इंजिन ठोकायला लागलं की तिथून थोडं मागं यायचं आणि तिथं खूण करायची. ह्यांना तो ठोका ऐकू येत नव्हता.

एका दुपारी त्यांनी पत्र्याच्या डबीत मूठभर हरभरे घातले आणि माझ्यासमोर हलवले.

"असा आवाज. पर लांबून आल्यावाणी. मोठा व्हायच्या आदी धरायचा. तू शेजारी बस. आला की माज्या हातावर बोट मार."

मी म्हटलं, लोक काय म्हणतील. उजव्या कानाशी जाऊन म्हणावं लागलं. ते म्हणाले, म्हणू दे.

मालकांना काय सांगायचं हा प्रश्न होता. स्पिरिटवर इंजिन गार असताना लौकर सुरू होत नसे. एकानं हॅन्डल मारायचं आणि दुसऱ्यानं वरून बाटलीतलं चार थेंब चांगलं पेट्रोल सोडायचं, असं करावं लागे. त्यासाठी कोणीतरी सोबत पाहिजे, असं ह्यांनी सांगितलं. मालक म्हणाले, एखादा गडी ने. ह्यांनी सांगितलं की सगळे गडी बिड्या ओढतात, आणि तिथं ठिणगी उडाली तर मोटारही राहायची नाही आणि गडीही. मालकांना ते पटलं. बायकोला ने, म्हणाले.

सकाळी मी हंडाभर पाणी तापवलं, ते इंजिनाच्या नळीवर ओतलं, बाटलीतले थेंब सोडले. ह्यांनी हॅन्डल मारलं. चौथ्या वेळेला इंजिन सुरू झालं. मी पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसले. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसले होते. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि गावातली निम्मी माणसं रस्त्यात. मला लाज वाटायला पाहिजे होती. मी हरभऱ्यांचा आवाज आठवत होते.

घाट उतरून खाली गेलो, तिथून वळवलं आणि चढायला लागलो. दगड भरलेली दोन पोती मागं टाकली होती, मालक आणि त्यांचं सामान म्हणून. ह्यांनी दांडा एक खाच पुढं घेतला. इंजिनाचा जाड आवाज, चाकाखालची खडी, पोत्यातले दगड, सगळं एकात एक मिसळलेलं. त्यातून बारीक काही येतंय का ते ऐकायचं. पहिल्या वळणापर्यंत काही आलं नाही. दांडा आणखी पुढं. दुसऱ्या वळणाला मोटार नुसती ओढत निघाली. पूर्वी ती इथंच दमायची, हे त्यांनी नंतर सांगितलं. आणखी पुढं. तेव्हा मला ते ऐकू आलं. फार लांबून, कोणी डबी हलवावी तसं. मी त्यांच्या मनगटाजवळ बोट मारलं. त्यांनी दांडा मागं घेतला. आवाज गेला. पुन्हा पुढं घेतला, पुन्हा आला, पुन्हा मी बोट मारलं. तीन वेळा तसं केलं, आणि तिन्ही वेळा दांडा एकाच ठिकाणी होता. ह्यांनी खिशातला खिळा काढून तिथं ओरखडा ओढला.

माथ्यावर मोटार उभी केली. झाकण उघडून इंजिनाजवळ हात धरून बघितलं. पाणी उकळलं नव्हतं. ते समाधानानं काही बोलतील असं मला वाटलं. ते चाकाजवळ जमिनीवर बसले आणि मी थोडी बाजूला दगडावर बसले. खाली रान पिवळं पडलं होतं. एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता, त्यानं थांबून मोटार बघितली आणि गेला.

तो दिसेनासा झाल्यावर ते म्हणाले, "किती दिस ताप व्हता?"

मी उठून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. "चार दिस."

"पाणी पेत व्हती?"

"तिसऱ्या दिसापस्तोर."

"मला वळखलं असतं का तिनं?"

"न्हाई," मी म्हटलं. खोटं बोलायचं मला सुचलं नाही.

त्यांनी मान हलवली. मी त्यांना सांगितलं की ती चालायला लागली होती, आणि मांजराच्या मागं जायची. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या मांडीवर होती आणि मला वाटलं झोपली. शेजारणीनं तिला माझ्याकडून घेतलं. हे सगळं मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगत होते, कारण हळू बोललेलं त्यांना ऐकू गेलं नसतं. ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती. पण सांगितली. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं नाही आणि जडही वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांत काही दिसलं नाही. ते उठले, हॅन्डल घेतलं, आणि मी बाटली घेऊन उभी राहिले. इंजिन गरम होतं, बाटली लागली नाही.

त्यानंतर ती मोटार वर्षभर स्पिरिटवर चालली. टाकी लौकर रिकामी व्हायची, पावसाळ्यात तेल पाणी धरायचं म्हणून टाकीच्या तळाचं पाणी रोज सोडावं लागायचं. पण घाटात ती पुन्हा कधी थांबली नाही. तहसीलदारही येऊन बघून गेले. मालक चारचौघांत ह्यांची तारीफ करायचे. प्रत्येक पिंपात स्पिरिट कमी-जास्त असायचं, म्हणून पिंप बदललं की आम्ही घाटात एक चक्कर मारायचो आणि मी बोट मारायची. गावाला त्याची सवय झाली. त्या चकरांत आम्ही मुलीबद्दल परत बोललो नाही. माथ्यावर थांबलो की बाजाराचं, ज्वारीचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं बोललो.

मालकांना ह्यांच्या कानांचं कळलं ते नेकनूरला जाताना. मालक मागं बसले होते. रस्त्याच्या वळणावर एक गाडीवान आपल्या बैलांना आवरत ओरडत होता, मालकही थांब म्हणून ओरडले. ह्यांना दोन्ही ऐकू आलं नाही. त्यांनी बैल डोळ्यांनी बघितले आणि ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. मोटार नाल्यात उतरली. कोणाला लागलं नाही, एक दिवा फुटला. मालक खाली उतरले, ह्यांच्या मागं जाऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात त्यांना नावानं हाक मारली. हे दिव्याच्या काचा गोळा करत राहिले. मालकांनी दुसऱ्यांदा हाक मारली. मग त्यांनी सगळं ओळखलं.

दुसऱ्या दिवशी मालक आमच्या दारात आले. ते कधी कोणाच्या दारात जात नसत. सासूबाईंनी घोंगडी अंथरली, ते बसले नाहीत. ह्यांच्याशी न बोलता ते माझ्याशी बोलले.

"हाकायला दुसरा माणूस बघतो. इंजिन ह्याच्याच हाती राहू दे. त्याला तूच सांग."

मी सांगितलं. ह्यांनी ऐकलं, मालकांना हात जोडले आणि आत जाऊन पेटीत काहीतरी शोधत बसले. काय शोधत होते ते मी विचारलं नाही. नवा ड्रायव्हर परळीचा होता, चांगला माणूस होता. पहिल्या दिवशी हे त्याच्या शेजारी बसून घाटात गेले आणि दांड्यावरची खूण त्याला दाखवून आले. त्याचे कान चांगले होते. माझी गरज राहिली नाही. सकाळच्या वेळी मोटार घरावरून जायची, मी परसात असायची.

लढाई संपली, पेट्रोल परवान्यातून सुटलं, आणि चांगलं पेट्रोल यायला लागलं. पिंप येणं थांबलं. मालकांनी सांगितल्यावर ह्यांनी परत पेट्रोलासाठी नवा जेट बसवला. पुढं निजामाचं राज्य गेलं, मालकांची जमीन वाटली गेली आणि मोटार कोण्या व्यापाऱ्यानं नेली. आम्ही परळीला गेलो. तिथं कापसातून सरकी काढायच्या गिरणीत ह्यांना इंजिनावर काम मिळालं. राहायला गिरणीच्या मागंच दोन खोल्या होत्या. दिवसभर इतका आवाज असायचा की चांगल्या कानाच्या माणसालाही शेजारचं बोलणं कळत नसे. सगळेच हातांनी खुणा करायचे, आणि ह्यांना कोणी बहिरा म्हणून वेगळं काढलं नाही. आमची पुढची दोन्ही मुलं तिथंच झाली. पहिला मुलगा झाला तेव्हा सुईणीनं त्याला माझ्याजवळ ठेवलं आणि त्याचं रडणं गिरणीच्या आवाजात मला नीट ऐकू येईना. मी त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास चालतोय का ते बघत राहिले. हे दारात उभे होते. आत या म्हणून मी खूण केली, आणि ते आले.